पांढरीखालचे पूर्वज : इनामगावच्या भिंती पुन्हा पुन्हा कशा उभ्या राहिल्या

१/
शिरूर तालुक्यातील इनामगाव. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराची चोपून केलेली जमीन पुरातत्त्वज्ञ उलगडत आहेत. जमिनीत एक खड्डा दिसतो. खड्ड्यात मातीचे दोन कुंभ आडवे ठेवलेले आहेत, एकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडाला भिडवून. आत तान्ह्या बाळाच्या अस्थी. खड्डा बुजवून वर पुन्हा जमीन केलेली. ज्या घरात हे बाळ पुरले, त्याच घरात चूल पेटत राहिली.

२/
अशी बालदफने इनामगावात शंभराहून अधिक सापडली. त्यांच्या वर घरे होती, त्या घरांच्या वर पुढच्या पिढ्यांची घरे होती आणि त्यांच्याही वर आणखी घरे. सुमारे ९०० वर्षे या टेकाडावर भिंती पडत राहिल्या आणि पुन्हा उभ्या राहत गेल्या. आजचा विषय या पुनर्बांधणीचा आहे. गाव पुन्हा बांधताना माणसे नेमके काय जपतात, काय सोडून देतात, आणि पायाखालच्या पूर्वजांचा त्याच्याशी काय संबंध असतो?

३/
प्रथम भूगोल. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. उत्तरेकडे शिरूर, दक्षिणेकडे दौंड. भीमेला मिळणारी घोड नदी शिरूरच्या उत्तर-पूर्व अंगाने येते आणि तिच्या उजव्या काठावर, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर पूर्वेला, इनामगाव आहे. आज कालव्यांमुळे या पट्ट्यात ऊस डोलतो. मूळचा हा प्रदेश मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण आहे. येथे वस्ती करायची तर नदी सोडून चालत नाही. आणि नदीजवळ राहायचे तर पुराची धास्ती सोडता येत नाही.

४/
जुन्या मराठी कागदपत्रांत जमिनीचे दोन भाग केलेले दिसतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीचा रंग माणसांनी दिलेला असतो. चुलीची राख, शेण, चुनखडी, पडलेल्या मातीच्या भिंती, पिढ्यान्‌पिढ्यांचा केरकचरा हे सारे कुजून आणि दबून करड्या-पांढरट मातीचे टेकाड तयार होते. महाराष्ट्रातील कित्येक प्राचीन स्थळे पुरातत्त्वज्ञांना अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच ओळखता आली. ‘पांढर’ या एका शब्दात पुनर्बांधणीचा सारा इतिहास साठलेला आहे.

५/
इनामगावची पांढर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत, बारा हंगामांत उत्खनित केली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामामागची प्रमुख नावे. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन उत्खनने बहुधा उभ्या, अरुंद खड्ड्यांची असत. त्यांतून कालक्रम कळे, गाव दिसत नसे. इनामगावात टेकाडाचा विस्तृत भाग आडवा उघडला गेला आणि १३० हून अधिक घरे प्रकाशात आली. एका प्रागैतिहासिक गावाचा जवळजवळ नकाशाच हाती आला.

६/
या वस्तीचे तीन कालखंड ठरवण्यात आले. माळवा काळ : इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००. पूर्व जोर्वे काळ : इ.स.पू. १४०० ते १०००. उत्तर जोर्वे काळ : इ.स.पू. १००० ते ७००. ‘जोर्वे’ हे नाव प्रवरेकाठच्या जोर्वे या गावावरून आले. तेथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले होते. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेली, खणखणीत भाजलेली भांडी ही जोर्वे संस्कृतीची ओळख.

७/
घरे कशी होती? मातीच्या बुटक्या भिंती, त्यांत रोवलेले लाकडी खांब, वर कूड आणि त्यावर मातीचा लिंपण, डोक्यावर गवताचे शाकार. आत चूल, धान्याच्या कणगीसाठी मातीचा गोल ओटा, काही ठिकाणी जमिनीत खोदलेले पेव, आणि मोठा रांजण बसवण्यासाठी मांडलेले चार सपाट दगड. चार दगडांची ही मांडणी इतकी घरगुती आहे, की तीन हजार वर्षांचे अंतर क्षणभर विसरायला होते.

८/
कुडाचे घर चिरकाल टिकत नाही. पाऊस भिंतीचा पाया खातो, वाळवी खांब खाते, आग शाकार खाते. बहुधा एका पिढीच्या आयुष्यातच घर नव्याने बांधावे लागते. त्या वेळी पडकी माती उचलून दूर टाकण्याऐवजी तीच सपाट करून, चोपून, तिच्यावर नवी जमीन तयार केली जाते. त्यामुळे प्रत्येक पुनर्बांधणीनंतर घर किंचित उंच होते. इनामगावचे टेकाड असे बोटाबोटाने वाढलेले आहे.

९/
आता दफनांकडे येऊ. एखादे दफन घर वसते असताना झाले की घर पडल्यावर, हे कसे कळते? पुरातत्त्वज्ञ पाहतात ते खड्ड्याचे तोंड. खड्डा कोणत्या थरातून खाली कापत गेला आणि कोणत्या थराने त्याचे तोंड मिटवले, हे थरांच्या छेदात दिसते. खड्डा घराच्या जमिनीतून खोदलेला असेल आणि त्याच घराच्या पुढच्या सारवणाने झाकलेला असेल, तर निष्कर्ष स्पष्ट आहे : मृत आणि जिवंत एकाच छपराखाली राहत होते.

१०/
इनामगावातील बहुतांश दफने लहान मुलांची आहेत. त्या काळी जन्मलेल्या बाळांपैकी किती जगत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, जवळ छोटी भांडी. कुंभ म्हणजे पुन्हा गर्भाशयच, असा अर्थ काही अभ्यासकांनी लावला आहे. तो पटो वा न पटो, कृती निःशब्दपणे सांगते ते एवढेच : बाळाला गावाबाहेर नेले नाही, घरातच ठेवले.

११/
प्रौढांना जमिनीत खड्डा करून उताणे, सरळ निजवत. डोके उत्तरेला. सोबत अन्नपाण्याची म्हणता येतील अशी भांडी. हीदेखील घरात किंवा अंगणात. पण जोर्वे काळातील प्रौढ दफनांत एक विलक्षण गोष्ट आढळते. घोट्याखालची पावले नसतात. ती मृत्यूनंतर तोडलेली आहेत.

१२/
याचे कारण काय? सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण असे, की मृताने उठून घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये. ही दोन कारणे एकसारखी वाटतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात भीती आहे. हाडांवरून यांतील निवड करता येत नाही. मात्र दोन्ही कारणांत एक गोष्ट समान राहते : पूर्वजाची जागा घरात ठरलेली आहे आणि त्याने ती सोडू नये, अशी जिवंतांची इच्छा आहे.

१३/
जमिनीखाली केवळ मृतच नव्हते. पूर्व जोर्वे काळातील एका घरात, जमिनीखाली, कच्च्या मातीची झाकणासह एक डबी पुरलेली सापडली. डबीत स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती, मस्तक नसलेली, आणि सोबत मातीचा बैल. बिनमस्तकी मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे आहेत. काडी घालून मूर्ती बैलावर बसवता येते. ही कोणती देवता, तिचे नाव काय, हे सांगणारा लेख नाही, कारण लिपीच नव्हती. पण घर उभे राहायचे तर जमिनीखाली काहीतरी राखणीला असावे, ही भावना येथे हाताने स्पर्श करता येईल इतकी ठोस आहे.

१४/
पूर्व जोर्वे काळ हा इनामगावचा भरभराटीचा काळ. घरे चौकोनी, प्रशस्त, बऱ्यापैकी एका ओळीत, आणि दोन घरांमध्ये बोळाएवढी मोकळी जागा. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत, सधन कुटुंबे मध्यभागी. म्हणजे पुनर्बांधणी मनाला येईल तशी होत नसे. कोणी कोठे बांधायचे याचा अलिखित संकेत होता आणि तो पिढ्या बदलल्या तरी पाळला जाई.

१५/
वस्तीच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर सापडले. इनामगावच्या सर्वांत मोठ्या घरांपैकी हे एक. त्याला लागून धान्याचे कोठार. सहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात अनेकांनी याविषयी वाचले असेल. ढवळीकरांच्या मते हे गावप्रमुखाचे घर. कोठार त्याच्या शेजारी असल्याने धान्य गोळा करणे आणि वाटणे ही कामे त्याच्याकडे असावीत, असा त्यांचा तर्क होता.

१६/
याच घराच्या अंगणात इनामगावचे सर्वांत प्रसिद्ध दफन मिळाले. कच्च्या मातीचा, चार पायांचा, फुगीर पोटाचा मोठा कुंभ. आत सुमारे चाळिशीचा पुरुष, पाय दुमडून मांडी घातल्यासारखा बसवलेला. आणि त्याची पावले शाबूत. साऱ्या गावात प्रौढांची पावले तोडली जात असताना याची तोडली नाहीत. मरणातही त्याला वेगळा नियम लागू होता. समता ही प्राचीन खेड्यांची सहजप्रवृत्ती होती असे मानणाऱ्यांनी या कुंभासमोर थोडे थांबावे.

१७/
त्याच जागी, आणखी खालच्या थरात, तसाच चार पायांचा दुसरा कुंभ मिळाला. त्यात मानवी सांगाडा नव्हता. ज्याचा देह हाती लागला नाही अशा कोणाचे हे प्रतीकात्मक दफन असावे, असे मानले जाते. हा तर्क योग्य असेल, तर त्याचा अर्थ गंभीर आहे. घराला पूर्वज इतका आवश्यक होता, की देह नसतानाही त्याची जागा भरावी लागली. वरचा कुंभ पुरणाऱ्यांना खालच्या कुंभाची आठवण असावी. घराण्याचा हक्क त्या काळी कागदावर नव्हता, तो जमिनीखाली होता.

१८/
घरांच्या भिंतींखेरीज एक सामायिक भिंतही होती. वस्तीच्या पश्चिमेला दगडगोटे आणि मातीचा बांध सापडला : लांबी सुमारे २४० मीटर, रुंदी सुमारे २.२ मीटर. त्याच्याशी संलग्न असा पाण्याचा चर. पुराचे पाणी वस्तीत शिरू नये आणि वळवलेले पाणी शेतीला मिळावे, अशी ही योजना असल्याचे उत्खननकर्त्यांचे मत. काहींनी त्याला तटबंदी म्हटले. कारण कोणतेही असो, असे काम एका कुटुंबाचे नव्हे. त्यासाठी गाव लागते, आणि गावाला एकत्र आणणारा कोणी लागतो.

१९/
प्रत्येक वस्ती इनामगावएवढी नव्हती. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या संगमाजवळ, दौंड तालुक्यातील वाळकी येथेही जोर्वेकालीन वस्तीचे उत्खनन झाले. ती अगदी लहान, शेतावरच्या वाडीसारखी होती. अशा वाड्या मोठ्या गावांच्या आधाराने जगत असाव्यात. नदीखोऱ्यात एक मोठे गाव आणि भोवती विखुरलेल्या वाड्या, असे चित्र त्यातून उभे राहते. टेकाड चढत जाते ते मोठ्या गावाचे. वाडी मात्र पुष्कळदा एका थरातच संपते.

२०/
जगात इतरत्र असे घडले का? तुर्कस्तानातील चातालह्युयुक हे स्थळ इनामगावच्या कित्येक हजार वर्षे आधीचे, इ.स.पू. सुमारे ७१०० पासूनचे. तेथेही मृतांना घरातील ओट्यांखाली पुरत आणि घर जुने झाले की त्याच्या भिंती ठरावीक उंचीपर्यंत पाडून, त्यांच्याच माथ्यावर नव्या भिंती उभारत. असे तब्बल १८ थर तेथे मोजले गेले. दोन्ही स्थळांचा परस्परसंबंध काही नाही. पण शेतीला आणि स्थिर घराला बांधलेली माणसे, एकमेकांना न भेटताही, पूर्वज पायाखाली ठेवण्याच्या याच कल्पनेपर्यंत पोहोचली.

२१/
इ.स.पू. १००० च्या सुमारास इनामगाव बदलते. चौकोनी, प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. तीन-चार झोपड्या एका अंगणाभोवती, बहुधा एकाच कुटुंबाच्या. भांडी ओबडधोबड होतात. शेती आक्रसते, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या आकाराची घरे बांधली, तो आकारच या माणसांनी सोडून दिला.

२२/
असे का झाले? ढवळीकरांनी हवामानाकडे बोट दाखवले : पाऊस घटला, शेती बुडाली, शेतकरी अर्धभटके पशुपालक झाले. गोल झोपडी हे त्या गरिबीचे आणि हलत्या जीवनाचे लक्षण. हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन जैवपुरातत्त्वज्ञांनी इनामगाव, नेवासे, दायमाबाद येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या हाडांत खुंटलेल्या वाढीच्या खुणा त्यांना दिसल्या. मात्र पाऊस अचानक आटला, एवढ्या एकाच कारणावर सारे ढकलण्यास त्यांनी हरकत घेतली.

२३/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुंभात ठेवून, तोंडे मिटवून, वर जमीन सारवून ज्या बाळांना त्यांच्या घरच्यांनी जपले, त्यांच्याच अस्थी आज त्या गावाच्या उपासमारीची साक्ष देतात. दफनाचा हा रिवाज नसता, तर नदीकाठच्या उघड्यावर त्या नाजूक अस्थी कधीच विरून गेल्या असत्या आणि हा सारा वाद पुराव्याविना राहिला असता.

२४/
आता मूळ प्रश्नाकडे. घरांचा आकार बदलला, भांडी बदलली, अन्न बदलले. पण गोल झोपड्यांतही बाळे कुंभांतच पुरली गेली, घरातच पुरली गेली. प्रौढांची पावले तोडण्याची चालही सुरू राहिली. संकटकाळी समाजाने भिंतीचा आराखडा टाकून दिला आणि जमिनीखालचा करार मात्र राखला. परंपरा म्हणजे काय टिकते, याचे उत्तर आपण बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या वास्तूत शोधतो. इनामगावात ते उत्तर सारवणाच्या खाली आहे.

२५/
आणि तरीही इ.स.पू. ७०० च्या सुमारास हे गाव ओस पडले. नऊशे वर्षांचे, म्हणजे साधारण ३५ पिढ्यांचे मृत पायाखाली असताना माणसे निघून गेली. पूर्वजांची पावले तोडून त्यांना थांबवता आले, वंशजांना थांबवता आले नाही. पूर्वज वस्तीला हक्क देतात, ओळख देतात, पुन्हा बांधण्याचे बळ देतात. ते पाऊस देत नाहीत, धान्य देत नाहीत. पुनर्बांधणीची मर्यादा इनामगाव इतक्या स्वच्छपणे दाखवते, म्हणून ते केवळ जुने गाव न राहता विचार करण्याजोगे गाव ठरते.

२६/
पांढरीची माती खतासारखी कसदार असते. त्यामुळे महाराष्ट्रात अनेक प्राचीन टेकाडांची माती शेतांत नेऊन पसरली गेली आणि टेकाडे सपाट झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती कसदार माती आहे, यात त्याचा दोष नाही. ती माती म्हणजे काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नसेल, तर दोष सांगणाऱ्यांचा आहे.

२७/
शिरूरहून दौंडकडे जाताना, उसाच्या फडांमध्ये एखादे करड्या मातीचे उंचवटे दिसले, पृष्ठभागावर काळ्या नक्षीची तांबडी खापरी दिसली, तर ती उचलून खिशात घालू नये. जागा टिपावी, छायाचित्र घ्यावे, जवळच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. खापर आपल्या थरातून हलले की ते केवळ मातीचा तुकडा उरते. थरात असते तोवर ते कोणाच्या तरी घराची जमीन असते, आणि त्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, कोणाचे तरी बाळ अजून निजलेले असू शकते.